पाणी चांगले आहे, पण कशासाठी?

आमच्या घरामागे एक विहीर आहे आणि खाडी तिच्यापासून फार लांब नाही. दाभोळच्या खाडीकाठी ज्यांची घरे आहेत, त्यांना अशा विहिरीचा स्वभाव सांगायला नको. दिवाळीत पाणी गोड, होळीनंतर मचूळ, आणि मे महिन्यात चहा घेताना कोणी साखरेऐवजी मीठ घातले की काय असे वाटावे. विहीर चार घरांची आहे. पंप एकच, हौदही एकच. हौदातून चारही घरांना नळ गेले आहेत. वाडवडिलांच्या वेळी रहाट होता, तेव्हा भांडण कमी होते. पंप आल्यापासून कोण किती वेळ चालवतो यावरून दरवर्षी एप्रिलमध्ये दोन-चार दिवस बोलणे बंद होते, मग पुन्हा सुरू होते.

मागच्या वर्षी अम्मींचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. ताटातले मीठ कमी केले, पापड-लोणचे बंद केले. मग अम्मीच म्हणाल्या, "ताटातलं काढलंत, पेल्यातलं कोण काढणार?"

ही गोष्ट मुलांच्या मामूंनी कुवेतमध्ये फोनवर ऐकली आणि फेब्रुवारीत सुट्टीवर येताना ते एक यंत्र घेऊन आले. तळहाताएवढा डबा, त्यातून निघालेल्या दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला पाण्यात बुडवायच्या कांड्या. पाण्याचा पीएच म्हणजे आम्लता, विद्युतवाहकता, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, आणि तापमान असे सगळे ते मोजते. वाय-फायला जोडले की आकडे मोबाइलवर दिसतात. हौदाच्या कठड्याला डबा टांगला, कांड्या आत सोडल्या आणि मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतले. अ‍ॅपमध्ये आकड्यांच्या वर एक मोठा गोल होता. गोल लाल झाला की पाणी वाईट, पिवळा झाला की बेताचे, आणि हिरवा झाला की त्यात इंग्रजीत लिहून यायचे, 'गुड'. म्हणजे चांगले.

उन्हाळ्यात त्या गोलाने आमच्यावर उपकारच केले. मार्चअखेर टीडीएस पाचशेच्या वर गेला, मेमध्ये नऊशे झाला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरे पाणीच मिळत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे लागतात. आम्ही अम्मींसाठी वीस लिटरचा जार आणायला लागलो. इतर तीन घरांनाही रोज सकाळी आकडा सांगायचो. शाळेत जाताना खाला दारातूनच विचारायच्या, "आज किती?" आम्ही उर्दू आणि मराठीचे मास्तर. विज्ञानाचा प्रश्न आम्हाला कोणी विचारावा याचे सुख काही वेगळेच होते.

जूनमध्ये पाऊस लागला. विहीर भरली, पाणी गोड झाले, टीडीएस दोनशेच्या खाली आला. गोल हिरवा झाला. आम्ही मोबाइल हातात घेऊन चारही घरांत दाखवून आलो. खालांनी विचारले, "मग आता उकळायची गरज नाही ना? सिलिंडर महाग झालाय."

आम्ही म्हणालो, "पाहा ना, चांगले म्हणून लिहिलेच आहे."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या धाकटीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी खालांच्या नातवाला. तो चार वर्षांचा. दोघांना तालुक्याच्या गावी नेऊन सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "पाणी कुठले पिता? उकळता का?" आम्ही खिशातून मोबाइल काढून हिरवा गोल दाखवला. त्यांनी तो पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "सर, यात जंतू कुठे मोजलेत?"

अल्लाहच्या कृपेने दोन्ही मुले तीन दिवसांत घरी आली. खाला आम्हाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. आठवडाभराने आम्ही स्वतःच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही उकळायचं सोडलं." आवाजात राग नव्हता. पण वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही तपासनिसाचे शब्द आम्हाला एवढे लागले नाहीत.

गावात पाणी तपासायचे प्रशिक्षण घेतलेल्या बायका आहेत. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना असे शिकवले जाते. त्यांतल्या एका ताईंकडून एच-टू-एस चाचणीची बाटली आणली. काचेची छोटी बाटली, तिच्यात औषध असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून घरातच उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे झाले तर त्यात मैल्यातून येणारे जंतू असण्याची शक्यता मोठी. ही स्वस्त आणि सोपी चाचणी 1982 साली भारतीय शास्त्रज्ञांनीच पुढे आणली. आमची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी झाली होती. बाटलीशेजारी ठेवलेल्या मोबाइलवर गोल हिरवाच होता.

आम्ही रागाने म्हणालो, "काढून टाका तो डबा. खोटारडा आहे."

थोरला मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. तो म्हणाला, "अब्बा, डबा खोटं बोलला नाही. क्षार कमी आहेत एवढंच त्यानं सांगितलं, आणि ते खरंच आहे. 'चांगलं' हा शब्द डब्यात नाहीच. तो अ‍ॅपमधला आहे."

त्याचे म्हणणे समजायला आम्हाला संध्याकाळ लागली. तुम्हालाही समजावे म्हणून शाळेत सांगतो तसे सांगतो. डब्यात दोन चिपा असतात. एक मोजणारी. ती कांड्यांकडून आलेली वीज वाचते आणि आकडा काढते. दुसरी वाय-फायची. तिला टपालवाला समजा. मोजणारी चिठ्ठी लिहिते, टपालवाला ती उचलतो आणि इंटरनेटवरून कंपनीच्या परदेशातल्या संगणकाकडे नेतो. आपले अ‍ॅप त्या संगणकाला विचारते आणि आकड्यावर रंग चढवून आपल्याला दाखवते. म्हणजे हौद आमच्या परसात, मोबाइल आमच्या हातात, आणि चिठ्ठी मात्र समुद्र ओलांडून जाऊन परत येते. पावसात आमच्याकडे इंटरनेट गेले की वीस पावलांवरच्या हौदाचा आकडा आम्हाला कळत नसे, त्याचे कारण हेच. आणि रंग ठरवणाऱ्या माणसाने आमची विहीर कधी पाहिलेली नाही. त्याने कदाचित मासे पाळायच्या टाकीचा विचार करून हिरवा रंग ठेवला असेल.

टपालवाल्याने कोणत्या पत्त्यावर जायचे, ते त्याच्या चिपमध्ये लिहून ठेवलेले असते. त्या लिहून ठेवलेल्या हुकमांना फर्मवेअर म्हणतात. मुलगा म्हणाला, "फर्मवेअर बदलता येतं. टपालवाल्याला नवा पत्ता देऊ. पत्र बाहेर जाणारच नाही, आपल्याच घरात पोहोचेल."

यासाठी जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेली फर्मवेअर फुकट मिळतात. आमच्या डब्यात जी चिप निघाली तिच्यासाठी ओपनबेकन नावाचे आहे. दुसऱ्या काही चिपांसाठी टास्मोटा किंवा ईएसपीहोम चालते. घरातल्या बाजूला होम असिस्टंट ही प्रणाली लागते. मुलाने ती रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्यांच्या डावाएवढ्या संगणकावर घातली. दोघे आपसात ज्या रीतीने बोलतात तिचे नाव एमक्यूटीटी. ती 1999 साली वाळवंटातल्या तेलाच्या नळांवर लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली होती. महागड्या उपग्रहावरून थोडक्यात निरोप जावा ही त्या वेळची गरज. तीच आज आमच्या हौदाला उपयोगी पडली.

पण काम सोपे होते असे समजू नका. डब्याचे चार स्क्रू काढल्याबरोबर गॅरंटी संपली. वाय-फायची चिप ज्या पट्टीवर असते ती टपाल तिकिटाएवढी. तिला संगणकाशी जोडायला यूएसबीचा एक छोटा जोड लागतो, आणि तो 3.3 व्होल्टवरच ठेवावा लागतो. पाच व्होल्ट दिले तर चिप जळू शकते. डब्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर आधी काढून ठेवायचा. वायरी लावल्या, आणि संगणक म्हणू लागला की समोरून उत्तर नाही. दोन रात्री अशा गेल्या. तिसऱ्या रात्री मुलाच्या लक्षात आले की ज्या दोन तारांवरून तो टपालवाल्याशी बोलू पाहत होता, त्याच तारांवरून मोजणारी चिपही त्याच्याशी बोलत होती. वर्गात दोघे एकदम बोलू लागले की आम्ही एकाला बाहेर उभे करतो. इथेही तेच करावे लागले. बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांकडून बारीक टोकाचे सोल्डरिंग मशीन आणून ती पट्टी मुळापासून सुटी केली. मग उत्तर आले.

नवे घालण्याआधी मुलाने जुन्या फर्मवेअरची पूर्ण नक्कल काढून ठेवली. आम्ही घाई करत होतो, तो ऐकेना. म्हणाला, "परत जायची वाट ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही." हे शहाणपण त्याला आम्ही शिकवले असे म्हणायला आवडले असते.

पट्टी पुन्हा बसवली आणि दुसऱ्या दिवशी आकडे आमच्या घरच्या पडद्यावर आले. पण कसे? नुसतेच आकडे, नाव नाही. 712, 285, 361. टपालवाला चिठ्ठ्या आणत होता, पण कोणती कशाची ते लिहिलेले नव्हते. मग स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली. पातेल्यात पाणी घेऊन कांड्या बुडवल्या. लिंबू पिळले. जो आकडा घसरला तो पीएच. चिमूटभर मीठ टाकले. जो उडाला ती वाहकता, आणि तिच्यामागोमाग चढला तो टीडीएस. थोडे कोमट पाणी ओतले, जो चढला ते तापमान. धाकटी स्टुलावर उभी राहून आकडे ओरडत होती आणि मुलांची आई विचारत होती की हे पातेले परत मिळणार आहे की नाही. 712 म्हणजे पीएच 7.12, कारण चिप दशांश चिन्ह पाठवत नाही, शंभराने आपल्यालाच भागावे लागते. 285 म्हणजे साडेअठ्ठावीस अंश.

त्या रात्री आणखी एक गोष्ट कळली. टीडीएस हे यंत्र मोजतच नाही. ते मोजते फक्त पाण्यातून वीज किती सहज जाते. त्या आकड्याला अर्धा ते 0.7 यांच्यामधल्या एखाद्या ठरावीक संख्येने गुणून टीडीएस काढला जातो. म्हणजे तो एक अंदाज आहे, चांगला अंदाज, पण अंदाजच. आणि जंतूंचा त्याच्याशी काही संबंध नाही. पावसाचे पाणी क्षारांना पातळ करते म्हणून आकडा खाली येतो. त्याच पावसात अंगणातली, गोठ्याजवळची, शोषखड्ड्याची घाण वाहून विहिरीत येते. आकडा सर्वांत सुंदर दिसतो तेव्हाच पाणी सर्वांत धोक्याचे असू शकते. जुलैत आमचे हेच झाले होते.

आता पडद्यावर आकडे होते, पण रंग नव्हता. मुलगा म्हणाला, "अब्बा, आता रंग आपण ठरवायचा. किती आकड्याला काय शब्द लिहू सांगा."

आम्ही पेन घेऊन बसलो आणि अडलो. दिवसभर भाषा शिकवणारी माणसे आम्ही, पण शब्द सापडेना. 'चांगले' लिहावे, तर कशासाठी चांगले? आपल्या घरांत पाण्यासाठी एक शब्द असतो, पाक. समुद्राचे खारे पाणी पाक आहे, त्याने वुजू होते, पण ते पिता येत नाही. काचेसारखे स्वच्छ दिसणारे पाणी साफ आहे, पण त्यात जंतू असू शकतात. उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतात, पण मीठ तसेच राहते, ते अम्मींना चालणार नाही. पाक, साफ, गोड, निर्जंतुक हे चार वेगळे शब्द आहेत आणि आपल्या आज्या-पणज्यांना त्यांतला फरक ठाऊक होता. त्या अ‍ॅपने चारही शब्द पुसून त्यांच्या जागी एक 'गुड' ठेवला होता, आणि आम्ही भाषेचे मास्तर असून तो गिळला.

शेवटी 'चांगले' हा शब्द आम्ही लिहिलाच नाही. पडद्यावर तीन ओळी केल्या. पहिली ओळ, खारटपणा. पाचशेपर्यंत 'सर्वांना चालेल', त्यापुढे 'अम्मींना जारचे पाणी'. दुसरी ओळ, पीएच. मानक 6.5 ते 8.5 असे आहे, त्याबाहेर गेला तर 'कांडी तपासा, मग पाणी तपासा'. कारण पीएचची कांडी ही नाजूक काच आहे. ती कोरडी पडली किंवा जुनी झाली तर आकडा सरकतो. दुकानात 4, 6.86 आणि 9.18 पीएचच्या पुड्या मिळतात, त्या शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवून यंत्राची परीक्षा घेता येते. आमचे यंत्र 6.86 च्या पाण्याला 7.2 म्हणत होते. फर्मवेअर नवे घातले तरी जुनी कांडी खरी होत नाही, तिचा हिशोब वेगळा जुळवावा लागतो.

तिसरी ओळ आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. ती अशी: 'जंतू: हे यंत्र सांगू शकत नाही. शेवटची बाटली अमुक तारखेला, निकाल अमुक.' ही तारीख आणि निकाल हाताने भरायचा. बाटलीला महिना झाला की ती ओळ आपोआप लाल होते आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप येतो. लाल होण्याचा अर्थ पाणी वाईट आहे असा नाही. आम्हाला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि माहीत नसेल तर पाणी उकळायचे. चांगली उकळी फुटून मिनिटभर राहू द्यायची, मग झाकून ठेवायचे.

आपल्या राज्यात पाण्याच्या स्रोतांची पावसाआधी आणि पावसानंतर पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतात. तिथेही रंगच असतात. पण तो रंग देण्याआधी कोणीतरी विहिरीपाशी उभे राहून कठडा पाहिलेला असतो, गटार किती अंतरावर आहे ते पाहिलेले असते. आम्ही मात्र न पाहता दिलेला रंग घेतला होता. ऑगस्टमध्ये चारही घरांनी मिळून विहिरीचा फुटलेला कठडा बांधला, शोषखड्डा लांब नेला, आणि ग्रामपंचायतीत अर्ज देऊन टीसीएल पावडर टाकून घेतली. त्यानंतरची बाटली काळी झाली नाही. तरी पावसाळा संपेपर्यंत आम्ही चारही घरे पाणी उकळूनच प्यायलो.

एक फायदा मात्र आम्ही मागितला नव्हता. नव्या मांडणीत दर मिनिटाचा आकडा घरातच साठतो. या एप्रिलमध्ये मुलाने चार घरांना बोलावून आलेख दाखवला. पंप सलग तासभर चालला की खारटपणाची रेघ वर चढते, दोन-तीन तास विसावा दिला की खाली येते. खाडीकाठी गोड पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून जोराने उपसले की खालचे खारे पाणी वर येते. म्हणजे एक घर जास्त उपसते तेव्हा त्याचे स्वतःचे पाणीही खारे होते. भांडणाला जागा उरली नाही. आता सगळ्यांनी अर्धा-अर्धा तास वाटून घेतला आहे, आणि रेघ ठरलेल्या खुणेवर गेली की चारही घरांत निरोप जातो. पंप बंद करणे मात्र माणसाच्याच हातात ठेवले आहे.

आमचे ऐकून कोणी लगेच डबा उघडायला बसू नये. घरात या कामाची समज असलेले मूल किंवा ओळखीचा कारागीर असेल तरच करावे, आधी जुनी नक्कल काढावी, आणि यंत्र वाया गेले तर हळहळ होणार नाही एवढी तयारी ठेवावी. फर्मवेअर न बदलताही एक गोष्ट मात्र प्रत्येक घराला करता येईल. पाण्याचे यंत्र, फिल्टरचा दिवा, बाटलीवरचा शिक्का, जे काही 'चांगले' म्हणेल त्याला दोन प्रश्न विचारा. कशासाठी चांगले? आणि काय मोजून म्हणतोस?

परवा सकाळी शाळेला निघालो तेव्हा खाला ओट्यावर होत्या. वर्षाने त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "आज किती?"

आम्ही आकडा सांगितला. मग थांबून म्हणालो, "खाला, हा फक्त मिठाचा आकडा आहे. बाटलीची तारीख उलटलीय, आज उकळूनच प्या."

त्या म्हणाल्या, "कालच तुमच्या मुलानं नवी बाटली भरून ठेवली. माझ्याच फळीवर आहे. उद्या बघू."